‘अधिक वाचा’च्या खाली

केनवडात कोणाच्याही हातात लग्नपत्रिका द्या, तो आधी खाली उजव्या कोपऱ्यात पाहतो. स्थळ आणि वेळ तिथे असते. वरचे देव, नवरदेवाच्या पदव्या, स्वागतोत्सुक मंडळी, ‘आमच्या मावशीच्या लग्नाला नक्की या’ म्हणणारी लेकरं, हे सगळं माणूस नंतर वाचतो, तेही आपलं नाव राहिलं की काय अशी शंका आली तर. खालचा उजवा कोपरा मात्र वाचता न येणारासुद्धा दुसऱ्याकडून वाचून घेतो.

हा कोपरा आमच्या भागात ज्याने बसवला, त्याचं नाव इंद्रभान. बसस्टँडच्या मागे त्याचा छापखाना होता. अक्षरांचे खिळे जुळवून तो पत्रिका छापायचा, लग्नाच्या, बारशाच्या, तेरवीच्या. मग रिसोडला कॉम्प्युटरवाले आले, त्यांच्यामागून फोन आले, आणि पत्रिका लोकांच्या हातातून निघून फोनमध्ये गेल्या. इंद्रभानने मशीन भंगारात घातली आणि एक फोन घेतला. माणूस वाईट नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी त्याच्याविषयी बरंच वाकडं बोलणार आहे.

त्याच्या धंद्याचा एक नियम होता, कागद कोरा सोडायचा नाही. नियम त्याचा नव्हे, गिऱ्हाइकांचा. नवीन असताना त्याने एका पत्रिकेत दोन बोटं जागा मोकळी सोडली होती, शोभेसाठी. वरबाप पत्रिकांचा गठ्ठा घेऊन परत आला आणि त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवून म्हणाला, “इथं माह्या साडूचं नाव बसत होतं. काहून नाई बसवलं?” साडू लग्नाला आला नाही. तेव्हापासून इंद्रभानला कोरी जागा दिसली की तो तिच्यात कोणाला तरी बसवायचा. माणसं संपली तर फुलाचा खिळा बसवायचा.

पुढे गावाचा ग्रुप निघाला. ग्रुप निघाल्यावर कोतवालाची दवंडी बंद झाली, कारण आता सगळ्यांना सगळं कळणार होतं. गावात शुद्ध लिहिणारा म्हणून ग्रुपवरची कामं आपोआप इंद्रभानकडे आली. पाण्याची पाळी, लसीकरण, हरवलेली म्हैस, गेलेली माणसं. त्याचा मेसेज म्हणजे शिवलेली मिठाची गोणी. कुठून उसवायची ते कळत नसे. सुरुवातीला ईश्वराचं स्मरण, मग एक सुविचार, मग गावाची थोरवी, आणि शेवटी, अगदी शेवटी, म्हैस. ओळ तुटत नसे, पूर्णविराम नसे. त्याचं म्हणणं, पत्रिकेत पूर्णविराम कोणी पाहिला आहे का?

लोकही तयारीचे. फोनवर मोठा मेसेज आला की तो थोडासा दिसतो आणि खाली ‘अधिक वाचा’ असं येतं. अधिक वाचायची सवय आमच्या गावाला कधीच नव्हती. वर ‘कळविण्यास आनंद होतो’ दिसलं की अंगठा दाखवायचा, ‘कळविण्यास दुःख होते’ दिसलं की हात जोडायचे. म्हैस हरवल्याच्या मेसेजला एकाने हार्दिक शुभेच्छा दिल्या होत्या. म्हशीच्या मालकाने त्याचे आभार मानले. एकूण कारभार बरा चालला होता.

गेल्या वर्षी, सोयाबीनच्या सोंगणीत, गोजराबाई गेली.

गोजराबाई सुईण होती. दवाखाना, गाडी, नर्सबाई हे सगळं यायच्या आधी केनवडात आणि आसपासच्या वाड्यातांड्यांवर जे जे जन्मलं ते तिच्या हातात जन्मलं. मी त्यातलाच. शेवटची वर्षं ती मुलाकडे, हरीओमकडे, शेतातल्या घरी राहत होती. गावापासून लांब, रिसोड रस्त्याला पिंपळाजवळ. सकाळीच गेली. हरीओमने पाहुण्यांना फोन केले आणि गावाला कळवायचं म्हणून इंद्रभानला एक फोन केला. माती अकरा वाजता, असं सांगितलं. आमच्याकडे अंत्यविधीला माती म्हणतात, मग जाळा की पुरा.

“तू चिंता नको करू,” इंद्रभान म्हणाला. “आता टाकतो.”

आणि त्याने मन लावून लिहिलं. हे मी चेष्टेने म्हणत नाही. गोजराबाईवर त्याची खरी माया होती, त्याची मुलगी राखी तिच्याच हातची. राखीच्या वेळी दोन जीव वाचवले होते तिने, आणि घरी जाताना इंद्रभानच्या बायकोला, साधनाला, म्हणाली होती की पोरगी झाली म्हणून कोणी नाक मुरडलं तर मले सांग. हे सगळं आठवून त्याने लिहिलं. त्याने आजवर लिहिलेला तो सगळ्यात लांब मेसेज होता. वर जन्ममृत्यूविषयी पुष्कळ काही, मग पंचक्रोशीचे भूषण, मायाळू, कष्टाळू, परोपकारी, सर्वांच्या सुखदुःखात धावून जाणाऱ्या, मग कोणाच्या कोण ते सगळं नातं, मग तिचं नाव, मग तिचं आयुष्य, आणि खाली, शेवटी, जिथे सगळं केनवड आधी पाहतं तिथे, स्थळ आणि वेळ.

फोनवर तो मेसेज ‘सर्वांच्या सुखदुःखात’ इथे तुटत होता. पुढे ‘अधिक वाचा’.

म्हणजे नावसुद्धा खालीच राहिलं.

मी मातीला होतो. त्यात माझा मोठेपणा काही नाही. माझ्या शेताचा धुरा, म्हणजे बांध, हरीओमच्या धुऱ्याला लागून आहे, रडणं मला ऐकू आलं. इंद्रभान होता. अंगणात तिरडी बांधून ठेवली होती आणि तो सारखा रस्त्याकडे पाहत होता. “येऊन राह्यले,” म्हणायचा. “बाराचं ऊन आहे, सावकाश येऊन राह्यले.” त्याच्या खिशात फोन थरथरत होता, सारखा. एक थरथर थांबली की दुसरी. काढून पाहिलं तर जोडलेले हात. अख्ख्या गावाने हात जोडले होते. ज्यांच्या शेतात मळणीयंत्र चालू होतं त्यांनी धुळीत उभं राहून जोडले होते. रस्त्यावर मात्र कुत्रं नव्हतं.

शेवटी तिला चौघांनी उचललं. हरीओम, मी, इंद्रभान आणि माझ्या शेतात आलेल्या मळणीयंत्राचा ड्रायव्हर. तो परमुलखातला. ती कोण, हे त्याने मला वाटेत विचारलं. मी म्हटलं, सुईण. तो म्हणाला, फार कोणाला ओळखत नसेल बिचारी. जऊळक्याचे पाहुणे पोचले तेव्हा आग लागलेली होती.

गावात चार दिवस कोणाला पत्ता नव्हता. मग बातमी तोंडातोंडी फिरली आणि जो तो कपाळावर हात मारायला लागला. “आमाले वाटलं, कोनी पुढारी गेला.” भूषण म्हटलं की पुढारीच असणार, हा हिशोब तसा चुकीचा नव्हता. पण हात जोडण्याआधी कोण मेलं एवढं विचारायची तसदी एकालाही घ्यावीशी वाटली नाही, याचा मला आजही राग आहे.

हरीओम भांडला नाही. चहाच्या हॉटेलात इंद्रभान समोर बसलेला पाहून तो म्हणाला, “माह्या मायले साऱ्या गावानं हात जोडले, काका. खांदा द्याले चौथा मानूस उसना आनला.” आणि चहा न घेता निघाला. जाता जाता मला म्हणाला, “तेरवी घरच्या घरी करतो. कोनाले सांगनार नाई, अन् ग्रुपवर तं मुळीच नाई.”

इंद्रभानला आपली चूक कळली नाही. चूक कळली असती तर त्याने मान्य केली असती, तसा तो सरळ आहे. पण तो मला फोन दाखवून म्हणाला, “हे पाय. स्थळ हाय ना? वेळ हाय ना? खाली, उजवीकडं.”

“उघडल्यावर हाय.”

“मंग? पत्रिका कोनी न उघडता ठेवते काय?”

मी त्याला माझा फोन दाखवला. न उघडलेला मेसेज. दिसत होतं तेवढं त्याने वाचलं. मग त्याने ‘अधिक वाचा’वर बोट न ठेवता फोन परत दिला आणि म्हणाला, “नाव खाली राह्यलं भाऊ. नाव कसं खाली राह्यलं?” आणि हॉटेलात, सगळ्यांदेखत, रडला. त्याच्यावर वाकडं बोलायचं जे मी ठरवलं होतं, ते तिथे थोडं कमी झालं.

आता तेरवीच काय ती उरली होती. ती घरच्या घरी झाली असती तर गोजराबाई चार खांद्यांवर गेली ती गेली. इंद्रभानला ते सहन होण्यासारखं नव्हतं. तो मला घेऊन जमशेदभाईच्या चपलांच्या दुकानावर गेला. चपला घ्यायला नाही. वरच्या खोलीत जमशेदभाईची मुलगी अफ्रीन काम करते. कुठल्याशा कंपनीसाठी ती शेतकऱ्यांना फोनवर पीकसल्ला लिहिते. कोणती फवारणी, कधी, किती. तिचा सल्ला लोक वाचतात, हे मला ठाऊक होतं, कारण वाचला नाही तर पीक जळतं.

अफ्रीनने मेसेज पूर्ण वाचला. गावात तो पूर्ण वाचणारी ती पहिली. वाचून डोळे पुसले आणि म्हणाली, “काका, लिवलं तं लई चांगलं. पन हे कोनासाठी लिवलं?”

“गावासाठी.”

“नाई. हे गोजराबाईसाठी लिवलं. त्या तं वाचनार नव्हत्या.”

इंद्रभानने फोन परत मागितला. तिने तो दिला नाही.

“फोनवर मानूस वाचत नाई काका, पायते. एका हातात चाय, एका हातात फोन. त्याले पयल्या ओळीत सांगा, कोन. मंग कधी. मंग कुठं. एका ओळीत एकच गोष्ट. अन् मधात एक ओळ कोरी सोडा.”

“कोरी?” इंद्रभानचा चेहरा असा झाला की जणू तिने मेसेजमध्ये कोंबडं कापायला सांगितलं.

“कोरी.”

“त्यात चार नावं बसतात पोरी.”

“म्हनून तं सोडा म्हनते.”

त्या कोऱ्या ओळीवर दोघांची जी जुंपली ती मी पायरीवर बसून ऐकली. इंद्रभानचं म्हणणं, कोरी जागा म्हणजे कोणाचा तरी अपमान. अफ्रीनचं म्हणणं, भरलेल्या जागेत सगळ्यांचाच. मग तिने अक्षरं ठळक कशी करायची ते शिकवलं. शब्दाच्या अलीकडे पलीकडे चांदणीची खूण टाकली की शब्द ठळक होतो. हे त्याला फार आवडलं. दुसऱ्या दिवशी तो तेरवीचा सगळाच्या सगळा मेसेज ठळक करून घेऊन आला.

“सबकूच ठळक केलं तं ठळक काय राह्यलं, काका?” अफ्रीन म्हणाली. “पंगतीत सगळेच वाढपी झाले तं जेवनार कोन?”

तो घरी जायचा, निमंत्रकांची नावं काढायचा, उद्या भेटल्यावर तो माणूस काय म्हणेल या भीतीने परत घालायचा. साधना म्हणाली, माझ्या माहेरचं नाव काढलं तरी चालेल, पण जेवून घ्या. त्याने आधी कोणाचा तरी साडू काढला. मला वाटतं, तो साडू काढताना त्याला तीस वर्षांपूर्वीचा तो वरबाप समोर दिसला असणार. मग पंचक्रोशी काढली. भूषण काढलं. ईश्वराचं स्मरण काढताना त्याने फोनला आधी नमस्कार केला.

उरलेलं घेऊन आम्ही धुरा ओलांडून हरीओमकडे गेलो. हरीओम गोठ्यात होता. त्याने बसा म्हटलं नाही. इंद्रभानने काही न बोलता फोन त्याच्यापुढे धरला.

गोजराबाई सुईण यांची तेरवी

सोमवारी दुपारी बारा वाजता
हरीओमच्या शेतात, रिसोड रस्ता, पिंपळाजवळ

तुमचा जन्म तिच्या हातून झाला असेल तर या.

हरीओमने वाचलं. वाचायला काही वेळ लागला नाही. “बस? एवढंच?”

“एवढंच.”

“मायचं नाव पयले हाय.”

“हो.”

“अन् हे मधात कोरं काहून सोडलं?”

मला वाटलं आता साडू निघतो. पण इंद्रभान म्हणाला, “वाचनाऱ्यानं दम घ्यावा म्हनून.”

हरीओमने फोन त्याच्या हातात दिला, बैलापुढे कडबा टाकला आणि पाठमोरा राहूनच म्हणाला, “टाका मंग.”

तो मेसेज गेल्यावर गावात चमत्कारिक शांतता पसरली. कोणाला काय करावं कळेना. हात जोडावेत तर वर दुःख होते असं कुठे लिहिलेलंच नाही, अंगठा दाखवावा तर आनंदही नाही. मेसेजखाली काहीच आलं नाही. त्याऐवजी घरोघरी एक प्रश्न सुरू झाला. मिशा पिकलेले बापे आपल्या आयांना विचारत होते, “माय, मी कोनाच्या हातचा वो?” माझ्या शेजारच्याने तर मायला दोनदा विचारलं. ती म्हणाली, “गोजराच्या. अन् तुले आता सुचलं काय रे?”

सोमवारी रिसोड रस्त्याला दोन्ही बाजूंनी मोटारसायकली लागल्या. मळणी थांबली. तांड्यावरून भाऊसिंग टेम्पो भरून माणसं घेऊन आला. जमशेदभाई दुकान बंद करून आले, जे ते ईदलाच करतात. हरीओमने घरच्यापुरता स्वयंपाक केला होता. वरण तीनदा वाढवलं, बायकांनी आपापल्या घरून पोळ्या आणल्या, वांगी माझ्या शेतातून तोडली. बुंदी कोणालाच पुरली नाही आणि कोणी तक्रार केली नाही, हे केनवडच्या पंगतीच्या इतिहासात प्रथमच घडलं.

जेवणं झाली. लोक पिंपळाखाली बसले. जायचं म्हणून उठत कोणी नव्हतं आणि बोलत पण कोणी नव्हतं. मातीला न आलेली माणसं तेरवीला काय बोलणार? तेव्हा रंगूबाई म्हणून एक म्हातारी आहे, गोजराबाईच्या जोडीने धुणी धुतलेली, ती इंद्रभानला म्हणाली, “इंदर, तू थे मोठं लिवलं होतं म्हनतात. थे वाच ना. मले कुठं वाचता येते.”

इंद्रभानने हरीओमकडे पाहिलं. हरीओम खाली पाहत होता. नाही म्हणाला नाही.

तो उभा राहिला आणि वाचायला लागला. मी सांगितलंच आहे, त्यात पूर्णविराम नव्हता. जन्ममृत्यूचं झालं, भूषण झालं, मायाळू कष्टाळू झालं, आणि नात्यांच्या मधोमध त्याचा दम संपला. थांबावंच लागलं. त्याने श्वास घेतला, आणखी वाचलं, पुन्हा दम लागला. आपण एवढं सलग लिहिलं आहे हे त्याला तोंडाने वाचताना पहिल्यांदा कळत होतं. नाल्याला पूर असताना ती तांड्यावर कशी गेली, लोकांनी तिला दोराला धरून कसं पलीकडे नेलं, एवढं वाचून तो धापा टाकत थांबला, तर मागून भाऊसिंग उभा राहिला. पांढरी दाढी, मोठं पागोटं.

“थे लेकरू मी होतो,” तो म्हणाला आणि खाली बसला.

मग जिथे इंद्रभान थांबला तिथे कोणी ना कोणी बोललं. जमशेदभाई म्हणाले, “मैं पैदा हुआ उस रात अम्माने मुझे तीन बार मरा समझा था, गोजराबाईनेच रुलाया.” कोणी नुसतंच “हो, हो” म्हटलं. राखीचं आलं तेव्हा साधनाने पदर डोळ्याला लावला. इंद्रभान आता दम संपायची वाट पाहत नव्हता, आपणहून थांबायला लागला होता.

शेवटाकडे आला. स्थळ आणि वेळ यायच्या जरा आधीचं ते वाक्य. ते त्याने लिहिलेलं होतं, पहिल्या दिवसापासून तिथेच होतं, सगळ्या गावाच्या फोनमध्ये होतं.

“सगळ्या गावाच्या बाळंतपणाला ती होती,” त्याने वाचलं, “पण हरीओमच्या वेळी तिच्याजवळ कोणी नव्हतं कारण गावात दुसरी सुईण नव्हती, त्याची नाळ तिची तिनेच कापली आणि”

पुढे आणखी शब्द होते. रंगूबाईने तोंडात पदर कोंबला. मीही त्या गर्दीत बसलो होतो, तिच्या हातात जन्मलेला, आणि मला माझ्या गावाची जेवढी लाज वाटली तेवढी आयुष्यात कधी वाटली नाही. इंद्रभानने पुढचं वाचायला तोंड उघडलं.

हरीओम उठला. तांब्या घेऊन त्याच्याजवळ आला, त्याच्या हातात पाणी दिलं आणि फोनवर, त्या ‘आणि’च्या जागेवर बोट ठेवलं.

“काका,” तो म्हणाला, “इथं एक ओळ कोरी सोडजा.”

इंद्रभानने तांब्या खाली ठेवला आणि अंगठ्याने फोनवर तिथे एक ओळ कोरी सोडली. मग पाणी प्यायला. सगळं गाव वाट पाहत बसलं होतं.